उसना दिलेला देव

लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी मी नांदेडहून लातुरात सून म्हणून आले. नवा जिल्हा म्हटल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले, आणि कारकुनांना राहायला जागा पाहिजे म्हणून माझ्या सासऱ्यांनी परसातल्या गोदामाच्या सहा खोल्या करून भाड्यानं दिल्या. सगळं आलं, पाऊस तेवढा आला नाही. मी गोदावरीच्या काठची. पाणी मोजून वापरायचं असतं, हे मला सासरी येऊन कळलं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. भुसार मालाचे व्यापारी, शिवभक्त, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. दिवाळीनंतर शेवटच्या खोलीत एक कारकून राहायला आला. मामंजींनी त्याला रिवाजाप्रमाणं आधी गाव विचारलं, मग कुळदैवत.

"मी देव मानत नाही," तो म्हणाला.

मामंजींना वाटलं, माणूस नवीन आहे, लाजतोय. तो लाजत नव्हता हे समजलं तोवर खोलीचा शब्द देऊन झाला होता आणि त्याची पोटुशी बायको टांग्यातून ट्रंक उतरवून घेत होती.

मला त्या माणसाची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. दारुडे, जुगारी, बायकोला मारणारे असले सगळे आमच्या ओळखीचे होते. ते वर्षातून एकदा देवापुढं नाक घासायचे आणि आम्ही त्यांना आपल्यातलेच धरायचो. हा दारू पीत नव्हता, वेळेवर कचेरीत जायचा, बायकोशी हळू बोलायचा. कुणाच्या धाकानं चांगला वागतोय तेच कळत नव्हतं. "ज्याला पापाचं भ्या न्हाई ते माणूस कवा काय करंल, सांगता येतंय का?" सासूबाई म्हणायच्या. आम्ही वाट बघत बसलो. त्यानं काहीच केलं नाही, त्यामुळं आमचा घोर आणखी वाढला.

होळीच्या सुमारास परसातला आड तळाला गेला. मामंजींनी आडावर पत्र्याचं झाकण बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. रोज सकाळी स्वतः उभं राहून पाणी वाटायचे. एका घराला दोन घागरी. "देवाचं येगळं," असं मात्र ते पहिल्याच दिवशी बोलून बसले, कारण आडाशेजारी बेलाखाली आमची महादेवाची पिंड होती आणि तिच्यावर रोज घागरभर पाणी घालायचा त्यांचा नेम होता.

आठ दिवसांत सगळ्या खोल्यांना आपापले देव आठवले. शिंप्याच्या घरी खंडोबा निघाला. एक घागर मिळाल्यावर शिंपीण म्हणाली, खंडोबाला बायका दोन, दोघींना एका घागरीत न्हाऊ घालून मी त्यांच्यात भांडण लावू का? मामंजींना ते पटलं. कंपाउंडरच्या घरात नवऱ्याचा देव वेगळा, बायकोचा माहेरचा देव वेगळा. एका घरानं तर भर चैत्रात गणपती बसवला.

हसू नका, आम्हीही काही कमी नव्हतो. पिंडीवरची घागर दुष्काळात ओतून टाकणं सासूबाईंच्या जिवावर यायचं. म्हणून मामंजी पिंडीवर तांब्याभर घालायचे आणि बाकीचं तीर्थ म्हणून घरात यायचं. तीर्थ वाया घालवायचं नसतं. त्या उन्हाळ्यात मी तीर्थात डाळ शिजवली, तीर्थानं भांडी घासली आणि नवऱ्याच्या बंड्याही तीर्थातच पिळल्या. इतकं पवित्र घर मी पुन्हा पाहिलं नाही.

कारकुनाची बायको मात्र दोनच घागरी घेऊन जायची. त्या दोन घागरी रांगेत दिसल्या की आम्हा बायकांना आपली तिसरी घागर पदराखाली झाकावीशी वाटायची. तो कुणाला टोचून बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. तो नुसता "येतो मालक" म्हणून घागरी उचलायला बायकोला मदत करायचा. हळूहळू रांगेत कुजबूज सुरू झाली की पाऊस याच्यामुळंच अडलाय. सासूबाईंनी मामंजींना सांगून टाकलं, "महिना सरला की खोली रिकामी करून घ्या. असलं माणूस दारात नको." मामंजी हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. पण तेव्हा गावात दुसरी खोली मिळणं म्हणजे सोनं सापडणं होतं, आणि त्या बाईचं बाळ जेमतेम महिन्याचं होतं.

एके दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली. साखर मागायला यावं तशी दारात उभी राहिली.

"वैनी, एखादा देव असंल का तुमच्याकडं? उसना. लेकराची दुपटी धुवायला पाणी न्हाई. पाऊस पडला की परत आणून देते."

मी हसले आणि मग मला रडूच आलं. माझ्या ट्रंकेत माहेराहून आलेला बोटभर पितळी नंदी होता. तो मी तिला पदराआडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कचेरीत गेल्यावर तिनं मामंजींना सांगितलं की आमच्याकडं पण देव आहे. मामंजी जातीनं बघायला गेले. नंदी हा देव धरायचा की देवाचं वाहन, यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी पूर्ण घागर मंजूर केली. स्वतःच्या हातानं शेंदून दिली. दिवसभर ते एवढ्या खुशीत होते की मला वाटलं, आता कारकुनाची खोलीही वाचली.

संध्याकाळी कारकून कचेरीतून आला. थोड्या वेळानं एका हातात नंदी आणि खांद्यावर घागर असा आमच्या ओसरीपुढं येऊन उभा राहिला. खोल्याखोल्यांतून माणसं बाहेर आली.

"मालक, ही वस्तू तुमच्या घरची दिसते. पाणी परत आणलंय. त्यातली अर्धी घागर बाळाला लागली, तेवढी उद्या आमच्या वाट्यातून कमी करा." त्यानं घागर खाली ठेवली. "बाळासाठी एक घागर जादा पाहिजे. बाळासाठी म्हणून मागतोय. देणं होत असेल तर द्या, नसेल तर तसं सांगा."

त्याची बायको मागं बाळ घेऊन उभी होती आणि मला वाटतं, त्या क्षणी तिनं त्याचा गळा दाबला असता. माझाही विचार काही वेगळा नव्हता.

सासूबाईंना राहवलं नाही. "देवाच्या नावानं घेतलं तर काय बिघडलं असतं? सगळेच घेतेत की."

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. शिंपीण आभाळाकडं बघायला लागली. कंपाउंडर घरात गेला.

"सगळेच म्हंजे कोण?" मामंजींनी विचारलं. मग त्यांनी नंदी हातात घेऊन उलटा करून पाहिला. त्यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

"मी दिला," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून चार माणसांत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मामंजींनी नंदी माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले. रात्री जेवले नाहीत.

सकाळी आडाचं कुलूप काढून ते म्हणाले, "आजपासून देवाचं बंद. घराला दोन, आन् तान्हं लेकरू असंल तर तिसरी." कारकुनाच्या बायकोनं तीन घागरी नेल्या. देव सगळे ज्याच्या त्याच्या कोनाड्यात कोरडे बसले. चार दिवसांत शिंपिणीची रेणापूरची बहीण आपलं तान्हं घेऊन राहायला आली, कंपाउंडरकडंही कुठून तरी एक पाळणा आला, आणि परसात अशी रडारड सुरू झाली की झोप लागेना. मामंजी प्रत्येक लेकराची जावळं स्वतः चाचपून बघायचे.

पिंडीचं काय केलं, ते मला नंतर दिसलं. आंघोळीला त्यांच्या वाटणीचे दोन तांबे पाणी यायचं. त्यातला एक ते पिंडीवर घालायचे आणि दुसऱ्यात पंचा भिजवून अंग पुसायचे. वैशाखातही. अंगावर घामोळं फुटलं होतं, तरी कुणाला बोलले नाहीत.

महिना सरला. सासूबाईंनी पुन्हा खोलीचा विषय काढला. मामंजी पंचानं पाठ पुसत होते. मी चहा घेऊन दारात थांबले.

"राहू दे त्याला," ते म्हणाले.

"कामून? तुमालाबी तर त्याच्यापुढं अवघडल्यावानी व्हतंय."

"व्हतंय की. अजूनबी व्हतंय." त्यांनी पंचा दांडीवर टाकला. "दुसऱ्या कुणापुढं बी देवाचं नाव घेतलं की काम भागतंय. त्याच्यापुढं घ्यायचं तर खरं घ्यावं लागतंय."