काचेवरची तारीख

गोटीराम गवंड्यापुढे चहाचा कप ठेवतानाच छायाबाईंनी बजावलं, "तुम्हाला मोहिनीनं पाठवलंय, ते माहितीये मला. पण आधी ती काच बघा, मग बोला."

मोहिनी ही त्यांची लेक, मनमाडला दिलेली. चार महिन्यांपूर्वी छायाबाईंचे यजमान सावळीराम गेले, तेव्हापासून तिचं एकच टुमणं: त्या तडकलेल्या घरात एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. शेवटी मायलेकींचं ठरलं, गवंडी सांगेल ते ऐकायचं.

एकलहऱ्याच्या काळ्या मातीवरचं घर. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. सावळीराम वीजकेंद्रात बांधकाम दुरुस्तीला होते. मधल्या खोलीतल्या मोठ्या तड्यावर त्यांनी बोटभर रुंदीची काचपट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना सिमेंट, वर ऑइलपेंटनं तारीख: १४-१-२०१६. भिंत हलली की काच फुटणार. नाही फुटली, तर खुशाल झोपा.

"दहा वर्षं अखंड आहे," छायाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी बघायचे आणि म्हणायचे, छाया, घर जागेवर आहे, चहा टाक."

"लय शिस्तीचा माणूस." गोटीराम हसत उठला. त्यानं काचेच्या कडेचं सिमेंट नखानं खरवडलं आणि त्याचं हसू मावळलं. "काकू, हे सिमेंट दहा वर्साचं नाय."

"मग?"

"फार तर मागच्या उन्हाळ्यातलं. आन् तड्यात माझं अख्खं बोट जातंय."

"काहीतरीच. तारीख वाचता येते ना?"

"येती की." तो जरा घुटमळला. "साहेबांची हत्यारं कुठं हायेत?"

पिशवी पलंगाखाली होती. थापी, ओळंबा आणि तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा. छायाबाईंनी त्या फरशीवर एकेक करून जुळवल्या. सात पट्ट्या, सातही मधोमध फुटलेल्या. प्रत्येकीवर तेच अक्षर, तीच तारीख.

त्यांनी एका तारखेवरून बोट फिरवलं. "दर मे महिन्यात मला लेकीकडे धाडायचे. आठ दिवस राहून ये म्हणायचे, घराकडं मी बघतो."

"तुमाला घर सोडवणार नाय, ठाऊक व्हतं त्यांला."

"तुम्ही काय म्हणता?"

गोटीरामनं तड्यात पुन्हा बोट घालून पाहिलं. "औंदाच्या पावसात हितं झोपा आसं म्या नाय म्हणणार, काकू."

छायाबाईंनी मान डोलावली. "भिंतीवरची तेवढी काढून द्या. फोडू नका."

त्यानं छिन्नीनं हळूहळू सिमेंट उकरलं. पट्टी अखंड निघाली. छायाबाईंनी ती सावळीरामांच्या उपरण्यात गुंडाळली आणि फोन लावला.

"मोहिनी, येते गं मी. नाही, गवंड्यानं नाही. तुझ्या बाबांनीच सांगितलं."