चौथे कलम

ज्या रविवारी मी सज्जन व्हायचे ठरवले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बायको घर सोडून गेली.

यात माझा काही दोष नाही. (हे वाक्य मी फार वेळा बोलतो, असे बायको म्हणते.) दोष पाळकसाहेबांचा! ठाण्याच्या आमच्या देवळात नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला त्यांनी फर्मावले, "बंधूंनो, मनातला निश्चय म्हणजे पाण्यावरची रेघ! आपापली खोड ओळखा, कागदावर लिहून काढा आणि पुढच्या रविवारी प्रभुभोजनाआधी काय जमलं ते मला सांगा." हे सांगताना अख्खे देऊळ सोडून त्यांनी माझ्याकडेच का बघावे? ठाण्यातला तापट ख्रिस्ती काय मी एकटाच होतो? (होतो.)

घरी येऊन कागद घेतला. मी कचेरीत कारकून, हात मोडीला सरावलेला, म्हणून मोडीतच लिहायला बसलो. त्यात एक लबाडीही होती. आमची राहेल मिशनच्या शाळेत शिकलेली, छापील बालबोध धडाधड वाचायची. पण मोडीतले तिला ओ की ठो कळत नसे. माझे निश्चय तिला समजले असते तर रोज सकाळी उलटतपासणी! तेव्हा झरझर चार कलमे लिहिली. पहाटे उठून प्रार्थना करणे. तपकीर सोडणे. राग आवरणे. बायकोला टाकून बोलणे सोडणे.

चौथे कलम लिहिताना माझे डोळे भरून आले हो! आमटी जरा अळणी झाली की मी तिचे माहेर काढायचो, आणि ती बिचारी खाली मान घालून वाढत राहायची. स्वतःची फार लाज वाटली. त्या भरात तपकिरीला निरोप म्हणून एक शेवटची चिमूट ओढली, आणि शिंकलो! साधीसुधी नव्हे, शेजारचे कुत्रे उठून बसले अशी. ओली शाई, तपकीर आणि बाकी जे काय असेल ते, सगळे कागदावर एक झाले. मी बाहीने पुसले, कागद बायबलात ठेवला आणि सज्जन होऊन झोपी गेलो.

सोमवारी संध्याकाळी कचेरीतून आलो तो दाराला कुलूप. ओटीवर शेजारचे भाऊराव बसलेले. भाऊराव म्हणजे पेन्शनीत निघालेले जुने कारकून. एका डोळ्याने दिसायचे नाही, दुसऱ्याचा भरवसा नाही.

"वहिनी गेल्या कल्याणला, माहेरी," ते म्हणाले. "पेटी घेऊन गेल्या."

"का? कोण आजारी?"

"आता मलाच विचारा! बायबलात सापडलेला तुमचा कागद त्या घेऊन आल्या, मीच वाचून दाखवला की त्यांना. पहाटे उठणे, तपकीर सोडणे, राग आवरणे, आणि चौथं, 'बायकोला टाकून', मग डाग, आणि 'सोडणे'. काय हो, एकदा टाकल्यावर वर पुन्हा सोडायची काय गरज? पण कागद पक्का केलात, मानलं बुवा!"

"अहो, आमच्यात बायको टाकत नाहीत!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, नवा धर्म, नवी कलमं!"

कुलूप काढून आत गेलो. चूल थंड होती, खुंटीवरचे तिचे लुगडे नव्हते. तसाच गाडी धरून कल्याण गाठले. तपकिरीची डबी वाटेत तीनदा उघडली, ते सोडा.

सासरे मिशनचे उपदेशक. आवाज असा की त्यांनी हळू म्हटलेली प्रार्थना चार घरे सोडून ऐकू जाई. मला बघताच गरजले, "या जावईबापू! पहाटे उठून प्रार्थना करायची आणि उजाडल्यावर बायको टाकायची, होय ना?"

"मामा, तो शब्द 'टाकून बोलणे' असा आहे! 'बोलणे' डागाखाली गेलंय!"

"कसला डाग?"

"तपकिरीचा."

"दुसऱ्या कलमात तर तपकीर सोडलीय!"

"हो, पण चौथं लिहिताना…"

"म्हणजे दोन कलमं खाली येईतो दुसरं मोडलं! आणि चौथ्यावर मी विश्वास ठेवू? पोर इथेच राहील!"

मी शपथ घेतली. (शपथ घेऊ नये, असे शास्त्र आहे. तेही मोडले.) हात जोडले. सासरे ढिम्म! आत दाराआड राहेलचे हुंदके ऐकू येत होते. ही खरेच परत आली नाही तर? या विचाराने इतका घाबरलो की घाबरण्याचा राग झाला आणि मी दाराकडे बघून ओरडलो, "अक्कल गहाण ठेवलीस का गं? मोडी येत नाही तर कागदात नाक कशाला खुपसलंस? आणि वाचायला माणूस कोण शोधला, तर आंधळा भाऊराव! बिनडोक कुठली!"

सासऱ्यांचे तोंड उघडेच राहिले. संपले, मी मनात म्हटले, आता एकट्याने ठाण्याला जायचे आणि जन्मभर हाताने भाकरी थापायची.

राहेल पदराने डोळे पुसत बाहेर आली. "बाबा," ती शांतपणे म्हणाली, "हे खरं सांगतायत. तो शब्द 'बोलणे'च आहे."

आणि पेटी उचलायला वळली.

परतताना ती हळूच म्हणाली, "टाकून बोलणं खरंच सोडणार होतात?"

"खरंच गं," मी म्हटले.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारले, "किती जमलं?"

"एकही नाही, साहेब. चौथं जमलं असतं, तर बायको कायमची गेली असती!"

पुढच्या नव्या वर्षी माझे निश्चय राहेलने लिहिले. बालबोधात, ठसठशीत, आणि मला शिंक येणार नाही अशा अंतरावर. आता आम्ही दोघेही म्हातारे झालो. पण कागद अजून तोच आहे. ती फक्त वरचे साल खोडून नवे घालते.