गडदेंची चाळीस मिनिटं

फोन उचलला की गडदे आधी बोलत नसत. डोळे मिटून लाइनची खरखर ऐकत आणि मगच म्हणत, "हां, बोला." पलीकडचा माणूस तोवर दोनदा ओरडलेला असे.

येलदरीला धरणाजवळ पाऊसपाण्याच्या नोंदी ठेवणारं आमचं छोटं कार्यालय होतं. मी तिथे कारकून, लक्ष्मण गडदे बिनतारी विभागातून संगणकावर आलेले. घर गंगाखेडच्या पुढे, मेंढ्या राखणारं. तिथे म्हातारी आई एकटी. बदलीसाठी ते दरवर्षी अर्ज करत आणि साहेब दरवर्षी तेच म्हणत, "तुम्ही गेलात तर मशीन कोण बघणार?"

ते खरंच होतं. त्या संगणकाची कंपनी कधीच बंद पडली होती. त्याची कार्यप्रणाली ठिकठिकाणचे वापरणारेच सांभाळत. कुणी चूक शोधायची, कुणी दुरुस्ती लिहायची आणि बाकीच्यांना पाठवायची. "मालक न्हाई म्हणून आपुनच मालक," गडदे म्हणत. पण जितकं ते नीट सांभाळत, तितके मशीनच्या खोलीत रुतत गेले. धूळ नको म्हणून तिच्या खिडक्यासुद्धा खिळे ठोकून बंद केलेल्या. मला ते शिकवायला बघत आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. शिकले तर मीही अडकेन, एवढं मला कळत होतं.

एका उन्हाळ्यात नवी दुरुस्ती निघाली. टपालाने आलेल्या फ्लॉपीवर शिक्का इतक्या जोरात बसला होता की ती वाचलीच जाईना. मग पुण्याच्या एका प्राध्यापकांनी ती फोनवरून, मोडेमने पाठवायचं ठरलं. रोज सुरुवात व्हायची, रोज तिसऱ्या मिनिटाला तुटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. गडदेंनी वायर बदलली, वेग कमी केला, मोडेम दुसऱ्या टेबलावर नेला. आठव्या दिवशी त्यांनी त्याच लाइनवरचा दुसरा फोन कानाला लावला आणि हसायलाच लागले.

"ताई, मशीन बिचारं बरोबर हाय. मधी माणूस बोलायलाय!"

ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की जिंतूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रेहानाआपा लाइनवर येऊन "वाढवू का?" असं विचारत. त्या दोन शब्दांनी सगळं तुटत होतं. गडदे सायकलवर जिंतूरला जाऊन त्यांना भेटले. "आपा, चाळीस मिनिटं लागतेत. कुणाचाबी फोन येऊ द्या, मधी येऊ नका." आपांनी शब्द दिला.

विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा बंद होता, तो दिवस त्यांनी निवडला. लाइन मोकळी असणार. दहाला सुरू झालं. तिसरं मिनिट गेलं, दहावं गेलं. दहा चाळीसला शेवटचा तुकडा आला आणि गडदेंनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले.

लाइन सोडली तोच फोन वाजला. आपा रडत होत्या. गंगाखेडहून दहा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला होता: आई बेशुद्ध आहे, लगेच निघा. आपांनी दिलेला शब्द पाळला होता.

साहेबांची जीप साडेदहाला परभणीला गेली होती. त्या दिवशी रस्त्यावर तेवढीच गाडी होती. गडदे सायकलवर निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. आई पहाटेच गेली होती.

तेराव्यानंतर परतताना ते आधी जिंतूरला थांबून एक्स्चेंजमध्ये गेले. "आपांना सांगितलं, तुमच्यावर माझा राग न्हाई," ते मला म्हणाले. मग मोडेमकडे बघत राहिले. "कुणावर हाय ते शोधायलोय. सापडंना."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "मला शिकवा."

"अडकताल, ताई."

"माहीत आहे."

महिनाभर त्यांनी मला शिकवलं. पावसाळा सरता सरता बदलीचा आदेश आला. आता तिकडे वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी ते गेले. जीपमध्ये चढताना म्हणाले, "ताई, हे एकटीजवळ ठेवू नका. एकट्यालाच येणं लय वाईट."

पुढच्या सोमवारी मी टपालाच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली.