द्राक्षबागेतलं खारं पाणी

आधीच सांगून ठेवते, मी दातांची डॉक्टर आहे. नाशिकमध्ये कितीतरी वर्षं प्रॅक्टिस केली. "मॅडम, कुणाची तरी नजर लागली म्हणून दात ठणकतोय" असं सांगणारे पेशंट मी भरपूर पाहिलेत... मी मान डोलवायची आणि कीड काढायची. भूतं, संकेत, दृष्टांत — यातलं मला कधीच काही पटलं नाही. आजही पटतं असं म्हणणार नाही. जे झालं ते सांगते, बाकी तुम्ही ठरवा.

माझा नवरा मकरंद. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. पन्नाशी ओलांडली, मुलगी शिकायला बाहेर गेली आणि याच्या डोक्यात खूळ शिरलं — शिडाच्या बोटीवर राहायचं. कायमचं! मी म्हटलं, "अरे, मी सिन्नरची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. मला पोहता तरी येतं का?" पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. वर्षभरात मीच दोऱ्यांच्या गाठी शिकायला लागले. शेवटी फ्लॅट विकला आणि मुंबईच्या एका वयस्कर जोडप्याकडून जुनी, अठ्ठावीस फुटी फायबरची बोट घेतली.

किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी जागा परवडेना आणि मकरंदची सगळी अवजारं नाशिकला. म्हणून बोट ट्रेलरवर चढवली आणि कसारा घाटातून वर आणली. गंगापूर धरणाच्या पुढे रामनाथभाऊंची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला ती लोखंडी टेकूंवर उभी केली, शिडी लावली आणि आम्ही तिच्यातच राहायला लागलो. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. रामनाथभाऊ तर रोज विचारायचे, "ताई, तुम्ही समुद्राकडं जाणार हाय का समुद्र इकडं येणार हाय?"

जुनी बोट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं तोंड. एक दात नीट करावा तर शेजारचा हलायला लागतो. डेक गळायचा, वायरिंग कुजलेलं, इंजिन रुसलेलं. दोन पावसाळे आम्ही घासत, भरत, रंगवत काढले. भांडणंही भरपूर झाली. पण संध्याकाळी डेकवर चहा घेऊन बसलं की बागेवरून वारा यायचा आणि वाटायचं, चुकलो नाही आपण.

तर, ऑक्टोबरची छाटणी उरकली होती. बोट परत किनाऱ्यावर न्यायला चार दिवसांनी ट्रेलर येणार होता. दुपारची जेवणं झाली होती. मकरंद खाली सुकाणूला ग्रीस लावत होता, मी आत भांडी आवरत होते. आणि मला पाण्याचा आवाज आला... कुणी नळ उघडा टाकल्यासारखा. आमची टाकी रिकामी होती. प्रवासासाठी मीच सकाळी ती उपसून पुसली होती.

आवाज पायाखालून येत होता. मी मधली फळी उचलली. फळ्यांखाली बोटीच्या पोटातला सगळ्यात खोल खळगा असतो, त्याला बिल्ज म्हणतात. आत बघितलं.

तळातून बोटाएवढ्या जाडीची धार वर उसळत होती. स्वच्छ, थंड, जोरदार. खळगा अर्धा भरला होता आणि सगळीकडे वास — ओल्या दोरखंडाचा, मासळीचा, भरतीचा वास.

"मकरंद! पाणी येतंय!"

"कुठून?"

"खालून! तळातून!"

"वेडी आहेस का? मी तळाखालीच बसलोय!"

मी हात घालून त्या धारेवर तळवा दाबला. पाणी माझा हात वर ढकलत होतं, इतका त्याला जोर. मी ओरडून जागा सांगितली — पुढून दुसऱ्या फळीखाली, बरोबर मध्यावर. मकरंद तिथे सरकला आणि त्याने खालून बोटाच्या पेरांनी ठोकलं. ठोका मला तळव्यात जाणवला. आमच्या दोघांच्या हातांमध्ये दोन बोटं जाडीचं फायबर होतं, बस्स. माझ्या बाजूला समुद्र होता. त्याच्या बाजूला ऊन, धूळ आणि नुकताच लावलेला लाल रंग. एक थेंब नाही. "इथे कोळिष्टक आहे गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "कोरडं आहे."

मला भीती वाटली का? खरं सांगू, नाही वाटली. देवळात गाभाऱ्याचं दार अचानक उघडावं तसं काहीतरी झालं. मी गुडघ्यावर बसून रडत होते आणि हात काढवत नव्हता.

मग धार आपोआप थांबली. हाताखाली रंगवलेला तळ होता, गुळगुळीत. भोक नाही, भेग नाही.

आमचा आरडाओरडा ऐकून रामनाथभाऊ शिडी चढून आले. त्यांनी खळग्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू थू करत म्हणाले, "खारं हाय ओ ताई! लय खारं! ह्ये कुठून आणलं?"

मकरंदही वर आला आणि आम्ही बादल्यांनी खळगा उपसला, पाणी शेजारीच ओतलं. तो पुन्हा खाली गेला आणि ठोकलेल्या जागेवरचा नवा रंग खरवडायला लागला. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. रंगाखालून पुट्टीचा एक गोळा निघाला होता. अंगठ्याने नुसतं दाबल्यावर तो पडला आणि मागे गोल, आरपार भोक.

ते भोक आमचंच. पहिल्या पावसाळ्यात डेक गळून बोटीत पाणी साचायचं, म्हणून मकरंदने सगळ्यात खालच्या जागी ड्रिलने भोक पाडलं होतं. जमिनीवर उभ्या बोटीला असं करतात. पावसाळे संपल्यावर मी ते पुट्टीने बुजवलं. माझ्या भाषेत टेम्पररी फिलिंग! पक्कं काम, म्हणजे दोन्ही बाजूंनी फायबरचे थर, मकरंद करणार होता. मकरंदने येऊन पाहिलं तर जागा सपाट, घासलेली, सुरेख. बायकोचा हात म्हणजे काम पक्कंच असणार! त्याने दोन्हीकडून रंग मारून टाकला. मला वाटलं त्याने थर दिले, त्याला वाटलं मी दिले.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं," मी म्हटलं. मग दोघंही बोटीच्या सावलीत मातीत बसून राहिलो. ती पुट्टी बंदरात टिकली असती. कदाचित महिनाभरही. पण पुढे भर समुद्रात, लाटांचे दणके बसायला लागल्यावर... आणि मला आजही धड पोहता येत नाही.

भोकाला दोन्ही बाजूंनी थर दिले, एकमेकांसमोर बसून. ट्रेलरची तारीख पुढे ढकलली.

आता आम्ही बोटीवरच असतो, कोकणात. पहिल्यांदा किनारा दिसेनासा झाला त्या दुपारी लाटा अशा आदळत होत्या की आतले डबे कलंडून पडले. मी फळी उचलून त्याच जागी तळवा टेकवला. पलीकडून समुद्राचे धक्के हाताला कळत होते. वरून मकरंदने विचारलं, "कोरडं आहे?" मी म्हटलं, "कोरडं आहे." मग फळी परत बसवली आणि डबे गोळा करायला लागले.

लोकांना सांगितलं की कारणं मिळतात. जुन्या बोटीत मीठ साचलेलं असतं, धुण्याचं पाणी असेल, उन्हाने डोकं फिरलं असेल. असेलही. पण रामनाथभाऊंचा परवा फोन आला होता. आम्ही बादल्या ओतल्या तिथले कडेचे वेल जळाले, त्या खाऱ्या पाण्यानेच जळाले म्हणतात. "तुमच्या समुद्रानं माझं नुकसान केलं," म्हणाले आणि हसले. मला हसता येईना.

ते पाणी आलं कुठून, हे मी विचारणं सोडून दिलंय. मला एवढंच कळतं, की जे पाणी पुढे कधीतरी आमच्या दोघांच्या नाकातोंडात जायचं होतं, ते आम्ही नाशिकमध्ये, कोरड्या जमिनीवर, बादल्यांनी उपसून टाकलं. कसं, ते माहीत नाही.