पावलांची वही

"ताई, जरा मॅट पुसून घेता का? मग मुली सुरू करतील."

नवे सर मले म्हणाले. साऱ्या पोट्ट्यांसमोर. सकाळचे साडेसहा, अमरावतीतला आमच्या कबड्डी टीमचा हॉल. माझ्या अंगात टीमचा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, काखेत वही. पाठीवर मोठ्या अक्षरात 'कोच' लिहिलेलं. पाठ पाह्यली नसंल म्हणावं, तर पाच मिनिटं आधीच मॅनेजरनं ओळख करून दिली होती. "ह्या आपल्या जुन्या. पकडीचं सगळं ह्याच बघतात."

तवा सरांनी हात जोडले होते. मंग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालीच नव्हती. आता सांगितलं.

"अच्छा. अकोल्याच्या का? छान, छान. तुमच्यात माणसं काटक असतात."

अन् मंग मॅट.

चौदा पोट्ट्या उभ्या. कोणी लेस बांधाले वाकली, कोणी पंख्याकडं पाहून राहिली. एकटी पल्लवी सरळ माझ्याकडं पाहत होती. चांदूर बाजारची पोरगी, घरी भाजीचा धंदा, आमच्या टीमचा डावा कोपरा. भारताच्या शिबिराची तिची निवड चाचणी दीड महिन्यावर आली होती. तिच्या डोळ्यात साफ होतं, ताई, नाही म्हणा.

मी पोछा उचलला.

खोटं काहून बोलू? राग नाही आला मले तवा. भेव वाटलं. हे गेलं तर दुसरं काय येते आपल्याले, एवढंच डोक्यात आलं. पुसली मॅट. चांगली पुसली, कोपरे धरून.

सात वर्षं झाली होती मले त्या टीमसंगं. मालक कंपनीवाले. टीम हरली की कोच बदलते. हेड कोच एकटा नाही येत बाप्पा. त्याच्यासंगं चढाईचा कोच, फिटनेसवाला, लॅपटॉपवाला, मालिशवाली, सारी वरात येते. जुनी वरात जाते. मी कोणाच्याच वरातीतली नव्हती, म्हणून राहून जायची. हॉलची चावी कोणापाशी, कोणत्या पोरीचा खांदा दुखते, कोणती उपाशी येते, हे नव्या माणसाले सांगाले कोणीतरी लागते. जुने सर भले माणूस होते. पण कोचच्या यादीत माझं नाव त्यायनंही कधी लावलं नाही. "पुढच्या सीझनला पाहू," म्हणायचे. सात सीझन पाह्यलं.

मी स्वतः डावा कोपरा खेळली आहे. अकोल्यात आमच्या वस्तीत, विहारामागच्या मैदानात शिकली. पण पकड मले कोण्या कोचनं नाही शिकवली. आजानं शिकवली.

माझा आजा अकोटकडच्या एका खेड्यात राहायचा. त्याच्या बापापासून त्यायच्याकडं गावाची राखण होती. चोरी झाली की चोराचा माग काढायचा. पावलाचा ठसा पाहायचा, कोणता पाय जड पडला, माणूस कुठं थबकला, कुठं वळला. अन् माग पाटलाच्या वाड्याकडं वळला तर मार खायचा. माग शिवेवर हरवला तरी मारच. छप्पनमध्ये दीक्षा घेऊन आला अन् चावडीपुढं उभा राहून म्हणाला, "आजपासून तुमचा चोर तुमी पाहा." मंग आयुष्यभर त्यानं कोणासाठी माग काढला नाही.

फक्त मले शिकवला. चुलीतली राख चाळून अंगणात पसरायचा अन् म्हणायचा, "चाल आता. पळ. थांब. मांगं वळ." मंग ठसे दाखवायचा. "पाय खोटं बोलत नाही पोरी. तोंडाले शिकवता येते, पायाले येत नाही."

तीच विद्या मी मॅटवर आणली. घामावर पाय पडला की बुटाचा ओला ठसा मॅटवर घडीभर राहते अन् वाळून जाते. तेवढ्यात मी पाहून घ्यायची. समोरच्या टीमची प्रत्येक चढाई करणारी पोरगी माझ्या वहीत होती. बोनसचा गुण घ्याले रेषेपल्याड कोणता पाय टाकते, भार कोणत्या पायावर, पळताना कोणत्या खांद्यावरून वळते. सारं पावलांच्या चित्रात. चित्र मी कोपऱ्यात उभ्या पोरीच्या नजरेनं काढायची. म्हणजे पावलं तुमच्याकडं चालत येतात, तिचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताले. टाच वर, बोटं खाली. आजानंही मले तसंच दाखवलं होतं. चोर येते ते समोरून पाह्य, मांगून नको पाहू.

आठ दिवसांनी सरांनी वही मागितली. "पाहतो जरा," म्हणाले. दिली. हरखलीच मी, खोटं नाही सांगत. वाटलं, कोणीतरी पाहून तर राहिलं.

सोमवारी बैठक. स्टाफच्या खुर्च्या मोजून मांडलेल्या, माझी नव्हती. मी दाराजवळ उभी. पडदा लावला अन् त्यावर माझी पावलं आली. रंगीत, बाण लावलेली. वर लिहिलेलं, सरांच्या टीमचं विश्लेषण. पोट्ट्या एकमेकींकडं पाहू लागल्या. त्यायले माझी पावलं ओळखू येत होती.

ते गिळलंच असतं मी. सात वर्षं हेच गिळत आली होती. पण तिसरं चित्र आलं अन् मी दारातून एक पाऊल पुढं आली. लॅपटॉपवाल्या पोरानं पावलं सरळ करून घेतली होती. बोटं वर, टाच खाली. त्याले वाटलं असंल, ह्या बाईनं उलटी काढली. बोटं फिरवली, बाजू तशाच ठेवल्या. म्हणजे साऱ्या पोरींचे पाय बदलले. उजवा तो डावा झाला.

"सर," मी म्हटलं, "ते चित्र..."

"ताई, प्रश्न नंतर."

नंतर गेली. ते फोनवर होते. फोन झाल्यावर म्हणाले, "बोला." मी म्हटलं, "सर, पावलं उलटी लागली. पोट्ट्या चुकीच्या पायावर जातील."

ते हसले. वाईट हसले नाहीत, हेच तर दुखते. लेकराले हसावं तसं हसले. "अहो, सॉफ्टवेअरमध्ये घातलंय ते. तुम्ही नका टेन्शन घेऊ. आपलं काम आपण करायचं, काय?"

माझं काम म्हणजे पोछा. आता ते पक्कंच झालं होतं. सामन्यात चढाई संपली की घाम पुसाले जे धावतात, त्यायच्यात माझं नाव टाकलं होतं. मॅनेजर म्हणाला, "तात्पुरतं आहे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अन् वरून म्हणायचं की तात्पुरता आहे.

सरावात पल्लवी अडखळत होती. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तिनं मले धरलं.

"ताई, हे मले उलटं वाटून राहिलं. तुमी तर आदी दुसरंच शिकवलं होतं. काय करू मी?"

इथं मले थांबावं लागते.

सर पंधरा पावलांवर उभे होते. मी त्यायच्याकडं पाह्यलं. मंग पल्लवीले म्हटलं, "सर सांगतात तसं कर."

"हाव?"

"हाव."

माझीच जीभ होती ती. कोणी माझा गळा धरला नव्हता.

सामना अकोल्यात होता. माझ्या गावात. मायनं वस्तीतल्या बाया गोळा करून आणल्या होत्या, नव्या साड्या नेसून, पुढच्याच रांगेत. सात वर्षं ती साऱ्यायले सांगत आली, माझी पोरगी कोच आहे. पहिली चढाई संपली अन् मी पोछा घेऊन पळत मॅटवर गेली. वाकून पुसू लागली. मायकडं पाहाचं नाही ठरवलं होतं, पण पाह्यलंच गेलं. बाजूची बाई तिले काहीतरी विचारत होती. माय पदर नीट करत होती, नीट असलेला पदर.

समोरच्या टीमची एक उंच पोरगी होती. माझ्या वहीत तिची चार पानं. बोनसले उजवा पाय टाकते, बिलकुल चुकत नाही. मी मॅट पुसताना तिचे ठसे पाहत होती. उजवा. पुन्हा उजवा. पाहायची अन् पुसून टाकायची. पाहायची अन् पुसून टाकायची. पल्लवी माझ्यापासून दोन हात दूर उभी होती. एक शब्द, एवढंच पाहिजे होतं. सर बाकावरून माझ्याकडंच पाहत होते, का मलेच तसं वाटलं, आता सांगता येत नाही.

उत्तरार्धात ती पोरगी आली. बोनस रेषेकडं सरकली. पल्लवी शिकवल्याप्रमाणं तिच्या डाव्या पायावर झेपावली. पाय तिथं नव्हताच. ती पोरगी वळली, आमची दुसरी पोरगी तिच्यावर तुटून पडली अन् दोघी पल्लवीच्या गुडघ्यावर आल्या. आवाज झाला. मी जवळच होती, मी ऐकला.

तिले उचलून नेलं. मंग पंचानं मले खूण केली. तिथं घाम होता, पुसायचा होता. मी पुसला. मायबाई, मी तोही पुसला.

पल्लवीची चाचणी गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालंल फिरंल, खेळाचं सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं. आत सर होते, मालकांचा एक माणूस होता. टेबलावर माझी वही अन् एक टाइप केलेला कागद. पहिल्यांदा मले खुर्ची दिली. बसा म्हणाले, चहा सांगितला.

कागदावर लिहिलं होतं, माझ्या वहीतल्या चुकीच्या आकृत्यांमुळे खेळाडूला चुकीची सूचना गेली. खाली माझ्या सहीची जागा.

"फक्त प्रोसिजर आहे," मॅनेजर म्हणाला. "तुम्हाला काही होणार नाही. उलट पुढच्या सीझनपासून यादीत तुमचं नाव. पकडीच्या कोच. अधिकृत."

चोर सोडून संन्याशाले फाशी ऐकलं होतं. पण इथं संन्याशाले फाशीसंगं बढतीही देऊन राहिले होते. अन् मी तुमाले खरं सांगते, एक क्षण माझा हात पेनाकडं गेला. सात वर्षं ज्याच्यासाठी थांबली, ते दोन बोटांवर होतं. मायले दाखवता आलं असतं.

सर खिडकीबाहेर पाहत होते. पावलं कोणी फिरवली ते त्यायले माहीत होतं. मंग मले आजा आठवला. लोक त्याच्याकडून माग काढून घ्यायचे, अन् माग नको तिथं निघाला की त्यालेच झोडायचे. चावडीची जागा बदलली होती फक्त.

मी वही उचलली.

"ती ऑफिसची प्रॉपर्टी आहे," मॅनेजर म्हणाला.

"पावलं मी काढली," मी म्हटलं. "उलटी तुमी केली. सही नाही होणार."

आवाज कापत होता माझा. सिनेमात कापत नाही, माझा कापत होता. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी हॉलची चावी परत मागितली. देऊन टाकली.

मंग चांदूर बाजारले गेली. पल्लवी बाजेवर बसली होती, पाय सरळ, गुडघ्याले पट्टा. बाजूले तिची माय मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सारं सांगितलं. पावलं उलटी होती, मले पहिल्या दिवशीच दिसलं होतं, सरांनी ऐकलं नाही, अन् तुले मी भेवून खोटं सांगितलं.

तिनं गुडघ्याचा पट्टा ओढून घट्ट केला. मंग म्हणाली, "सर तर सर होते. पण मी तुमाले विचारलं होतं ताई. मंग काहून नाही बोलल्या?"

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करू लागली. तिच्या मायनं जातानी एक जुडी हातात दिली, तेवढंच.

परवा मॅनेजरचा फोन आला. टीम गुणांच्या यादीत खाली राहिली, सरांची वरात गेली. सरांचं काही बिघडलं नाही, ते दुसऱ्या टीमले लागले, सत्कारबित्कार झाला म्हणतात. इथं आणखी नवे सर येऊन राहिले.

"मॅडम," तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा मॅडम. "नव्या सरांना तुमची ती वही पाहायची आहे. फोटो काढून पाठवता का?"

"वही कुठं जात नाही," मी म्हटलं. "पल्लवीच्या गुडघ्याची चूक कोणाची, ते आदी तुमच्या सहीनं लिहून द्या. मंग यादीत माझं नाव लावा. मंग मी येईन. वही माझ्या हातात राहील अन् मीच वाचून दाखवीन. बसून."

"पाहतो," म्हणाला. पाहणार नाही. फोनही येणार नाही. पल्लवीचा गुडघा पुरा वाकत नाही, तो माझ्या ह्या बोलण्यानं वाकणारही नाही.

आजा माग सांगाचं सोडून मोकळा झाला. माझं तसं नाही. मले दिसलं होतं अन् मी गप राहिली, त्याची किंमत एका पोरीनं पायानं दिली. आता हातात शिट्टी असो का पोछा असो, समोर सर असो का मालक असो, दिसलं की तिथंच बोलीन. हाकलून दिलं तर दारातून बोलीन.