हद्दीपलीकडे मुका झालेला फोन

हे मी आजवर घरातही बोललेलो नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात माझं मोबाईलचं दुकान होतं. नवं कार्ड विकलं की कंपनी कमिशन द्यायची. पण गिऱ्हाईक कागल ओलांडून कर्नाटकात गेलं की फोन तिकडच्या कंपनीचं नेटवर्क पकडायचा आणि आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे तुटायचे. ते पैसे कंपन्या आपसात वाटून घेत. शिव्या दुकानदाराला.

म्हणून मी ट्रकवाल्यांच्या फोनमध्ये आपल्याच कंपनीचं नेटवर्क कायमचं निवडून ठेवायचो. हद्द संपली की फोन मुका. मग पैसेही तुटत नसत. त्यांना सांगायचो, "पल्याड रेंजच नसती, पावणं."

आमच्या गल्लीतला एक ड्रायव्हर गूळ घेऊन हुबळीला जायचा. त्याच्याही फोनमध्ये मी तेच करून हेच सांगितलं होतं. एका दुपारी त्याची बायको अनवाणी दुकानात आली. सासूला दवाखान्यात ठेवलं होतं आणि ती सारखी लेकाला बोलवत होती.

"दादा, ह्यांचा फोन लागंना. सकाळपास्नं लावतोय."

"लागंल की. बसा."

मी दुकानातून लावला. पुन्हा लावला. लागणार नाही हे मला एकट्याला ठाऊक होतं.

"गाडी पलटी झाली नसंल न्हवं?"

खरं सांगितलं असतं, तर तिची ही धास्ती तरी गेली असती. तिनं हुबळीच्या आडत दुकानाचा नंबर मिळवून तिथं निरोप ठेवला असता. पण काउंटरशी दोन ट्रकवाले उभे होते. त्यांच्याही फोनमध्ये मी तेच करून ठेवलं होतं. मी पुन्हा तोच नंबर फिरवला. माझ्या 'लागंल की'वर ती दोन तास बसून राहिली.

तो दुसऱ्या दिवशी पोचला. आई रात्रीच गेली होती.

आईचे दिवस झाल्यावर तो दुकानात आला, डोकं भादरलेलं. वाटलं, कळलं याला.

"दोन तास फोन लावत बसलासा म्हणं. उपकार झालं." त्यानं फोन पुढं सरकवला. "जरा बघा की. पल्याड दुसऱ्यांचं फोन लागत्यात, कायतरी बिघाड हाय ह्यात."

मी पाठ वळवून नेटवर्क पुन्हा आपोआपवर ठेवलं आणि फोन फडक्यानं पुसून परत दिला.

"बिघाडच हुता व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.