सण रविवारीच उरकला

थेरगावात दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. बाबा चाकणला प्रेस मशीनवर, कंत्राटी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारी आई आम्हा तीन भावंडांना घेऊन देवळात, म्हणजे चर्चमध्ये, निघायची तेव्हा बाबा कंपनीच्या बसमध्ये असायचे. एकदा ईस्टरच्या रविवारी त्यांनी खाडा केला. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने गेटवरूनच परत पाठवलं. नवं काम लागेपर्यंत आमच्या घरात आमटीत डाळ शोधावी लागत होती. त्यानंतर बाबांनी नाताळ सोडला तर देवळाचं नाव काढलं नाही. देवळात बायका आईला विचारायच्या, मालक विश्वास सोडून गेले काय? आई घरी येऊन भांडी जोरात घासायची.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, फर्स्ट क्लास. हे मी सांगते आणि सांगणारच.

पदवी हातात आली त्या वर्षी आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी मला हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकाचा पहिला वाटा देवाला वाहतात त्या दिवसाचा, उपासनाक्रम लिहायला सांगितला. मी त्यांच्याच तरुण संघात वाढलेली. देवाचा हेतू या चार भिंतींपुरता नाही, सगळ्या जगासाठी आहे, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी ते खरं मानलं. एवढीच माझी चूक.

तोवर आमच्याकडे क्रम कसा ठरायचा, तर पेटीवाल्याला कोणती गीतं येतात त्यावरून. आणि हंगामाच्या सणाला, शेत कुणालाच नाही म्हणून, लोक पिंपरीच्या मंडईतून केळी न् नारळ विकत आणून वेदीपुढे मांडायचे. मी उलट बाजूने सुरुवात केली. देवाला या जगाचं काय करायचंय? आणि आमचं जग म्हणजे कोणतं? तर चाकण. मग सण गुरुवारी करायचा, आणि ज्याने त्याने आपल्या कामाचं काहीतरी आणायचं. कंपनीतला सुटा भाग गेटबाहेर काढला तर चोरी ठरते, म्हणून मी लिहिलं: हातमोजे, डबा, बूट, जे स्वतःचं आहे ते. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत पहिली ओळ होती, ‘ज्यांना रविवारी सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी.’

पाळकसाहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला. म्हणाले, “लेकरा, हे मला सुचायला हवं होतं.” तारीखही त्यांनीच ठरवली. मी महिनाभर संध्याकाळी फिरून कंत्राटी कामगारांच्या घरी निरोप दिले. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. दोन दिवसांनी आई त्यांचे जुने हातमोजे सोड्याच्या पाण्यात भिजत घालताना दिसली. तेलाचा डाग काही निघाला नाही.

सणाच्या आधीच्या रविवारी माझी सांगवीला नोकरीसाठीची परीक्षा होती. परत आले तर आई खुशीत. म्हणाली, आज सण झाला, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. तिने छापलेला कागद पुढे केला. क्रम माझाच. खाली माझं नाव, पदवीसकट. प्रार्थनेत मात्र पहिली ओळ होती, ‘जे आपल्याला रोजगार देतात त्यांच्यासाठी.’ देवळाचा कारभार बघणारे आमच्या मंडळीचे एक पंच कामगार पुरवण्याचं कंत्राट घेतात. ते कंपनीचे साहेब लोक घेऊन आले होते. पहिल्या बाकावर हार, नारळ, सगळं.

मी पाळकसाहेबांना फोन केला.

“अगं, क्रम तुझाच वापरला,” ते म्हणाले. “गुरुवारी पाहुणे कुठून आले असते?”

“माझी ओळ कुणी बदलली?”

ते म्हणाले, “पंचांना ती लागली असती. तुला विचारणारच होतो, पण तुझा पेपर होता. आणि गुरुवार आहेच की. उघडू आपण देऊळ.”

गुरुवारी देवळाला कुलूप होतं. पायऱ्यांवर तीसेक माणसं बायकापोरांसह उभी, हातात डबे, बूट, धुतलेले हातमोजे. किल्ली पंचांकडे, पंच गावाला. पाळकसाहेब फोन उचलेनात. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. एक जण म्हणाला, “ताई, आमाला वाटलंच होतं. आमची सुट्टी न् देवाची सुट्टी कधी जुळती व्हय?” चारदोन जण हसले. ते हसणं मला कुलपापेक्षा जास्त लागलं.

बाबांनी हातमोजे पायरीवर ठेवले. “आलोतच तं प्रार्थना करूनच जाऊ,” म्हणाले. “वाच तुझा कागद. तुझ्यावालाच.”

मी वाचला. पहिल्या ओळीला बाबांनी आमेन म्हटलं, सगळ्यांत आधी.

पुढच्या गुरुवारी ती माणसं पुन्हा पायऱ्यांवर आली, त्याच्या पुढच्याही. मी पाळकसाहेबांशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी चुकलं असं कधी म्हटलं नाही, आणि मीही ते सोडलेलं नाही. पंचाने माझी ओळ फिरवली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ज्याने मला ते सगळं शिकवलं त्यानेच फिरवली, आणि वर माझी पदवी छापली.

मंडळीच्या संध्याकाळच्या वार्षिक सभेत बाबा उभे राहिले. पंचांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं? बाबा म्हणाले, “सण तुमीच करा साहेब. आमाला किल्ली द्या.” मागे ती तीस माणसं उभी होती. मधल्या काळात त्यांनी नावं नोंदवली होती; आता तीही मंडळीची सभासद होती, मतं त्यांचीही होती.

आता दर गुरुवारी सकाळी दहा वाजता देवळात उपासना होते. क्रम मी लिहिते आणि तो बदलला जात नाही. दुसरी किल्ली बाबांकडे असते.